आप्पांच्या अंगठ्याजोगी दोरी

दर रविवारी उजाडायच्या आत आम्ही चौघं मुळा धरणाच्या फुगवट्यावर जाऊन बसतो आणि ऊन तापलं की घरी परततो. मधल्या वेळात काय करता, असं घरचे विचारतात. मासे धरतो म्हणावं तर पिशवी बहुतेक रिकामीच असते. नुसते बसतो म्हणावं तर मग हातात हे एवढाले रॉड कशाला? खरं सांगायचं तर त्या मधल्या वेळात किस्से जमतात. मुद्दाम कोणी जमवत नाही. पाणी ओसरलं की काठाला गाळ राहतो तसे ते आपोआप राहतात, आणि पुढच्या वर्षी त्यावरच बसायला मऊ लागतं.

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगतो. मी राहुरीचा, माझं चष्म्याचं दुकान आहे. आठवडाभर लोकांना "आता नीट दिसतंय का?" विचारत असतो आणि रविवारी धुक्यात मला स्वतःला काही दिसत नाही, याचं सुख घेत बसतो. संजू सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर आहे. वयानं आमच्यात सगळ्यात लहान, पण मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून सगळ्यात ज्ञानी. बाळासाहेब राहात्याचे, त्यांची पेरूची बाग आहे. बागेत त्यांचं लक्ष चौफेर असतं, पाणी दिसलं की मात्र डोळा लागतो. आणि आप्पा साळवे. आप्पांची सगळी नोकरी साखर कारखान्यात ऊस उतरवायच्या क्रेनवर गेली. आम्हा तिघांना रॉड धरायला त्यांनी शिकवलं, त्यामुळे आमच्यात शेवटचा शब्द त्यांचा.

आमचं रीळ बेटकास्टर. साध्या रिळात दोरी नुसती वेटोळ्यावेटोळ्यानं सुटत जाते. बेटकास्टरमध्ये दोरीची चकरीच गरगर फिरते. आमिष पाण्यावर पडलं की चकरीनं थांबायला हवं, पण तिला ते कळत नाही, ती आपल्याच नादात फिरत राहते. रिळाला बारीकसा ब्रेक असतो म्हणा, पण खरा ब्रेक तुमचा अंगठा. तो चकरीवर हलकेच टेकवून ठेवायचा आणि आमिष पाण्याला लागतालागता दाबायचा. जरा उशीर झाला की आतली दोरी फुगून वर येते आणि असा काही गुंता होतो की बघत राहावं. आम्ही त्याला घरटं म्हणतो.

* * *

घरट्याचा आमचा एक नियम आहे. तो कसा झाला तो किस्सा.

संजू नवा होता. त्याच्या रिळाचं घरटं झालं आणि तो काठावर मान खाली घालून एकेक फास सोडवत बसला. आम्ही आपले मजेत गळ टाकतोय. बाळासाहेबांना रोहू लागला, आम्ही ओरडलो, फोटो काढले. संजूनं मान वर केली नाही. त्याचं घरटं सुटलं तेव्हा आमची निघायची वेळ झाली होती.

पुढच्या रविवारी आप्पांनी जाहीर केलं, "एकाचं घरटं झालं की समद्यांनी रॉड खाली ठेवायचा. घरटं सुटंपतुर कुनी गळ टाकायचा न्हाई."

बाळासाहेब म्हणाले, "आप्पा, हे काय नवीन? त्याचं घरटं, आमचा काय गुन्हा?"

"कारखान्यात क्रेनला मोळी अडकली की मागच्या समद्या गाड्या उभ्या ऱ्हायच्या. मोळी कुनाची, हे कुनी इचारायचं न्हाई. अडकली म्हंजी आपली."

झालं. तेव्हापासून घरटं झालं की चौघं खाली बसतो. ज्याचं घरटं तो सोडवतो, बाकीचे पाण्याकडे बघतात. पहिल्यांदा मला हे फार जड गेलं. मग हळूहळू सवय लागली. धुकं पाण्यावरून सरकत असतं. पलीकडचे डोंगर आधी नसतात, मग अर्धे असतात, मग सगळे येतात. कुठल्यातरी शेतातली मोटर लांबून घुमते. पाणकोंबड्या एका रांगेत जातात आणि त्यांच्यामागे पाणी बराच वेळ हलत राहतं. आपण रविवारी इथं का येतो, याचं उत्तर मला गळ टाकताना कधी सापडलं नाही. सापडलं ते असं दुसऱ्याचं घरटं सुटायची वाट बघताना.

एकदा बारागावचा एक ओळखीचा माणूस बांधावरून चालला होता. चार रॉड खाली, चार माणसं गप्प. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "कोन गेलं?"

* * *

दोरीचा पहिला धडा आम्हाला संजूनं दिला, स्वतः फजीत होऊन.

बेटकास्टरला तीन जातीच्या दोऱ्या चालतात. एक मोनो, म्हणजे आपण लहानपणापासून ज्याला तंगूस म्हणतो ती. दुसरी ब्रेड, बारीक धाग्यांची वेणी घातलेली, चिवट, अजिबात न ताणणारी. तिसरी फ्लोरो, पाण्यात माशाला दिसत नाही म्हणतात. संजूनं व्हिडिओ बघून ब्रेड मागवली आणि रात्री घरी बसून चकरीवर गुंडाळली. हिरवीगार दोरी, रिळावर शोभून दिसत होती.

सकाळी त्याला शिंगाळा लागला. मोठा होता. संजू हँडल फिरवतोय, फिरवतोय, घाम फुटला, पण मासा जवळ यायच्याऐवजी लांब चालला. आम्ही "ब्रेक आवळ, ब्रेक आवळ" करतोय. त्यानं पार आवळून टाकला. हँडल फिरतंय, चकरी फिरतीये, मासा आपला धरणाच्या भिंतीकडे निघालाय.

आप्पांनी वाकून रीळ बघितलं. ब्रेड गुळगुळीत असते. ती रिकाम्या चकरीवर थेट बांधली की अख्खी गुंडाळी आतल्या आत घसरते. खाली आधी थोडी तंगूस गुंडाळायला हवी, ती चकरीला पकडून बसते.

आप्पा म्हणाले, "संज्या, तू आन् मासा दोघंबी आपापल्या जागी बराबर हायेत. फकस्त तुमची वळख न्हाई."

मासा गेला. संजूनं त्यावर स्वतः एक व्हिडिओ बनवला. व्हिडिओत तो सांगतो, की काही लोक अशी चूक करतात.

* * *

बाळासाहेबांच्या माशाचा किस्सा तुम्हाला सांगितलाच पाहिजे.

माझ्या रिळाचं घरटं झालं होतं. थंडीचे दिवस, नुकतं कोवळं ऊन पडलेलं. बाळासाहेब बाभळीला टेकले आणि झोपले. मी फास सोडवतोय, तेवढ्यात त्यांचे हात हलायला लागले. डोळे मिटलेले, डाव्या हातात हवेतला रॉड, उजव्या हातानं हवेतलं हँडल चाललंय. तोंडानं पुटपुटत होते, "दम धर... दम धर..."

संजू त्यांना हलवायला पुढे झाला. आप्पांनी त्याचा हात धरला.

"उठवू नगं. सुटंल."

आम्ही तिघं बाळासाहेबांच्या तोंडाकडे बघत बसलो. ते कधी मागे रेलायचे, कधी पुढे झुकायचे. कपाळाला आठ्या पडल्या. एकदा वाटलं, तुटली. मग पुन्हा हँडल सुरू झालं. माझं घरटं कधीच सुटलं होतं, पण कोणी उठलं नाही. शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी काहीतरी उचलून मांडीवर घेतलं आणि घोरायला लागले. आम्हीसुद्धा श्वास सोडला.

बाळासाहेब जागे झाल्यावर आप्पांनी विचारलं, "लई मोठा हुता का?"

बाळासाहेबांनी हात पसरून दाखवला. मग आमच्याकडे बघून म्हणाले, "तुमी बघितलाच की."

"दोरी कोनती हुती?"

बाळासाहेबांनी बराच वेळ आठवून पाहिलं. "दोरी न्हवतीच."

* * *

मग गेल्या वर्षी आप्पांना झटका आला.

वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. तोंड वाकडं झालं होतं ते सरळ झालं, बोलणं परत आलं, पाय उचलायला लागले. काठी घेतली आणि टाकलीही. सगळं आलं, एक उजवा अंगठा तेवढा आला नाही. म्हणजे हलायचा, वाकायचा, पण त्याला काही लागायचं नाही. माईंनी, म्हणजे आप्पांच्या मंडळींनी, टाचणी लावून बघितली. आप्पा दुसरीकडे बघत म्हणाले, "लाव की." माईंनी टाचणी बाजूला ठेवली आणि आत निघून गेल्या. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, येईल, किंवा येणारही नाही. एवढं मलाही सांगता आलं असतं.

पहिल्या रविवारी आम्ही त्यांना गाडीत घालून नेलं. आप्पांनी पाण्याला नमस्कार केला, रॉड घेतला, गळ टाकला. घरटं. आम्ही बसलो. त्यांनी सोडवलं, पुन्हा टाकला. घरटं. पुन्हा बसलो. अंगठ्याला चकरीचा वेगच कळत नव्हता. कधी दाबायचं ते त्याला कोण सांगणार? ज्या माणसानं चालत्या क्रेनमधून मोळी अलगद ठेवली, ज्यानं आम्हाला शिकवलं की अंगठा म्हणजे तान्ह्याच्या पाठीवर ठेवतो तसा ठेवायचा, त्याचं दर खेपेला घरटं. ऊन तापेपर्यंत हेच चाललं. आम्ही तिघांनी एकदाही गळ टाकला नाही. मला फार वाईट वाटलं, पण ते तोंडावर दाखवायची सोय नव्हती.

संजूनं सुचवलं, "आप्पा, साधं रीळ घ्या ना. त्याला थंब कंट्रोल लागतच नाही. बटणासारखं सोपं."

"मंग अंगठ्याला काय काम?"

डाव्या हातानं टाकून बघितलं. आमिष पुढे जायच्याऐवजी मागे गेलं आणि बाळासाहेबांची टोपी काढून घेऊन आलं. बाळासाहेब झोपेतच होते.

मग मी म्हणालो, "आप्पा, तो नियम आता राहू द्या. तुम्ही सोडवत बसा, आम्ही टाकत राहतो."

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चष्मा काढून पुसायला लागलो. "नियम म्या केलाय," ते म्हणाले. "आन् म्हनूनच सांगतो, माझ्यापायी तुमचा रविवार मातीत चाललाय. म्या आता येत न्हाई."

आम्ही तिघांनी गयावया केली. शेवटी एवढं ठरलं, की थंडी सरायच्या आत या अंगठ्याला झेपेल अशी दोरी शोधायची. घरटं न करणारी. सापडली तर आप्पा येत राहणार. नाही सापडली तर आप्पा घरी आणि रीळ संजूला.

"मला नको तुमचं रीळ," संजू म्हणाला.

* * *

पहिली पाळी फ्लोरोची. संजू म्हणाला, ही जड असते, सरळ जाते, बुडते, माशाला दिसत नाही. आम्हाला पटलं.

फ्लोरो माशाला दिसत नाही हे खरं असावं, कारण ती आम्हालाही दिसेना. शिवाय ती ताठ. चकरीवर नीट बसायलाच तयार नाही, सैल पडली की स्प्रिंगसारखी उसळून बाहेर. आप्पांनी पहिलाच गळ टाकला आणि रिळावर घरटं झालं. झालंय एवढं कळत होतं, पण कुठाय ते दिसत नव्हतं. बोटांना फास लागायचा, डोळ्यांना काहीच नाही. मी पुढच्या रविवारी दुकानातलं भिंग घेऊन गेलो. एका डोळ्यानं भिंगातून बघत मी आप्पांना सांगतोय, डावीकडचा धागा, नाही, त्याच्या खालचा, हां, तो उचला. आप्पांनी मुकाट्यानं उचलला. तो तिसराच निघाला.

आप्पा शांतपणे मला म्हणाले, "आता नीट दिसतंय का?"

* * *

ती फ्लोरो माईंनी मागून घेतली. आम्हाला वाटलं, दोडक्याच्या वेलाला बांधणार.

काही दिवसांनी मी आप्पांकडे सकाळी गेलो. त्यांचं घर पूर्वेकडे तोंड करून आहे. दारात पिवळी शेवंती लटकलेली होती. लटकलेली म्हणजे कशालाच नाही. चौकटीच्या मध्ये हवेत फुलं थांबली होती, एकाखाली एक, आणि वारा आला की सगळी मिळून जराशी सरकत होती. मागे भिंतीवर बुद्धांची तसबीर, त्यावरही तसाच हार, तोही हवेतच. माईंनी फ्लोरोत ओवले होते. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. आत जायला हात लावावा लागणार, आणि हात लावला की हे बिघडेल असं वाटलं.

शेजारची एक म्हातारी माझ्या आधीपासून येऊन उभी होती. ती मला म्हणाली, "म्या सकाळच्यान बघतीया. खाली पडंना."

आतून आप्पांचा आवाज आला, "चष्मेवाले, येताय का तुमीबी तिथंच लटकताय?"

चहा पिताना ते म्हणाले, "बघा, दोरी वाईट न्हाई. आपन चुकीच्या कामाला लावली." मग स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं आणि कप डाव्या हातात घेतला. मी येताना वाकून, फुलं चुकवून बाहेर पडलो.

* * *

दुसरी पाळी तंगूस दोरीची, आणि त्या दोरीनं काम केलं!

जाडसर, मऊ तंगूस घेतली. चकरी काठोकाठ न भरता जरा कमीच भरली. रिळाचा ब्रेक पार आवळून टाकला, इतका की आमिष स्वतःच्या वजनानं खाली यायलाही कुरकुरत होतं. आप्पांनी गळ टाकला. जवळच पडला, पण घरटं नाही. पुन्हा टाकला, नाही. सबंध सकाळ घरटं नाही. आम्ही तिघांनी आनंदानं आपापले रॉड उचलले आणि काठ वाटून घेतला. त्या दिवशी पिशवी भरली. बाळासाहेबसुद्धा जागे होते.

असे काही रविवार गेले. मासे मिळत होते, आणि तरी काहीतरी बिनसलं होतं. आप्पा बोलेनात. गळ टाकायचे, ओढायचे, टाकायचे. बांधावरून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलणं नाही, संजूची खेचणं नाही. मी विचारलं, "आप्पा, दोरी जमली ना?"

"जमली की."

"मग?"

त्यांनी रॉड माझ्या हातात दिला. "धरा. आन् सांगा, तिकडं काय चाललंय?"

मी धरला. तंगूस ताणते. पलीकडच्या टोकाला गवत आहे की दगड, मासा हुंगून गेला की नुसतंच पाणी हललं, सगळं वाटेतच विरून जात होतं. हाताला येत होतं ते काहीतरी लांबचं, मऊ, रबरी.

"मला अंगठ्यानं कळत न्हाई," आप्पा म्हणाले. "आता दोरीनंबी कळत न्हाई. मंग म्या हितं कशाला उभा हाय? पुतळा बसवा की माझ्याजागी, त्याचंबी घरटं व्हायचं न्हाई."

थंडी संपत आली होती. दुपारी ऊन टोचायला लागलं होतं. आप्पांनी सांगून टाकलं, की पुढचा रविवार शेवटचा. त्यांनी हे माईंनाही सांगितलं होतं, म्हणजे ठरवलेलंच होतं. आणि जाताजाता संजूला म्हणाले, "त्या दिशी माझ्या रिळाला तुझी ती हिरवी दोरी घाल."

"ब्रेड?" संजू घाबरलाच. "आप्पा, ती अंगठा कापते. माणसाला कळतं म्हणून तो उचलतो. तुम्हाला कळणार नाही आणि रक्त निघेल."

"निघू दे."

"आणि घरटं तर नक्की होणार. ब्रेडचं घरटं म्हणजे..."

"शेवटचा दिस हाय न्हवं? बसाल की माझ्यासंगं थोडा येळ."

* * *

त्या रविवारी धुकं काही केल्या हटत नव्हतं. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं लागतं, काही कळत नव्हतं. आम्ही आधीच खाली बसून घेतलं, कारण घरटं होणार हे ठरलेलंच. आमिष म्हणून आप्पांनी रबरी बेडूक लावला, तो पाण्यावर तरंगतो. मरळ असल्या बेडकाला भाळते. रिळाचा ब्रेक त्यांनी सगळा सैल सोडला. संजूनं तोंड फिरवलं.

आप्पांनी टाकला. किती दिवसांनी मी त्यांचा असा गळ बघितला! बेडूक धुक्यात शिरला आणि दिसेनासा झाला, लांबवर पाणवेलीत टप्प असा आवाज आला. तोपर्यंत रिळावर घरटं उभं राहिलं होतं, हिरवं, मुठीएवढं.

"झालं," आप्पा म्हणाले आणि आमच्या रांगेत येऊन बसले. रॉड मांडीवर आडवा घेतला. घाई नव्हती. घरटं सोडवायची रीत अशी, की दोरी थोडी बाहेर ओढायची, अडकली की थांबायचं, तो फास बोटानं मोकळा करायचा आणि पुन्हा ओढायची. आप्पांनी डाव्या हाताचं बोट पहिल्या फासात घातलं.

तेवढ्यात धुक्यात पाणी फुटलं. बादली उपडी केल्यासारखा आवाज आला आणि दोरी ताठ झाली.

"आप्पा, मरळ!" संजू उभा राहिला. "घेतला तिनं बेडूक! दोरी हातानं ओढा, मी ओढतो, द्या इकडं!"

"खाली बस."

"अहो, लागलीये ती!"

"घरटं झालंय. घरटं सुटंपतुर कुनी दोरीला हात लावायचा न्हाई."

संजू बसला. बाळासाहेब पूर्ण जागे होते, त्यांचं तोंड उघडं होतं. मी चष्मा पुसला, काही उपयोग नव्हता, धुकं बाहेरच होतं.

मरळ थोडी ओढून थांबली. मरळीची ती खोडच, वेलीत शिरून बसते आणि विचार करते. आप्पांनी तेवढ्यात अडकलेला फास मोकळा केला. मग मरळीनं पुन्हा ओढलं, दोरी पुढच्या फासापर्यंत गेली आणि अडकली. मरळ थांबली. आप्पांनी फास मोकळा केला. तिनं ओढलं. ती तिकडून ओढत होती, हे इकडून सोडवत होते, आणि घरटं मुठीएवढं होतं ते लिंबाएवढं झालं, मग सुपारीएवढं.

बाळासाहेब माझ्या कानात म्हणाले, "म्या झोपलोय का?"

मी मानेनंच नाही म्हटलं.

शेवटचा फास सुटला तेव्हा चकरी एकदम मोकळी झाली. मरळीलाही ते कळलं असावं, कारण ती वेलीतून निघाली आणि खोल पाण्याकडे सुसाट सुटली. चकरी किंचाळायला लागली. हिरवी दोरी धुक्यात चालली, चालली, खालची तंगूस दिसायला लागली.

"आप्पा, अंगठा!" आम्ही तिघंही ओरडलो.

आप्पांनी अंगठा चकरीवर ठेवला. दाबला. चकरीचा आवाज खाली आला. आप्पा त्या अंगठ्याकडे बघत होते. त्यांची मान हलायला लागली, हनुवटी थरथरायला लागली, आणि मला वाटलं, पुन्हा झटका आला. मी त्यांचा खांदा धरला.

"चष्मेवाले," ते म्हणाले, "भाजतंय."

"मग उचला ना, आप्पा!"

त्यांनी उचलला नाही.